खिडकीला नाव द्या, राव!

शनिवारची संध्याकाळ. ठिकाण : मस्तगड, जालना. आईच्या हातचा चहा, समोर लॅपटॉप आणि लॅपटॉपवर एकसारख्या दिसणाऱ्या सात काळ्या खिडक्या. सातही खिडक्यांच्या डोक्यावर एकच शब्द : ‘टर्मिनल’.

तुम्ही म्हणाल, वीकेंडला घरी जाऊन कसलं आलंय काम? पण जालन्यातल्याच एका कारखान्याच्या हजेरी-पगाराच्या प्रोग्रॅमचं काम मी बघत होतो. तिथे दर शनिवारी पगार होतो. त्या आठवड्यात मला एक छोटीशी चाचणी घ्यायची होती. ओव्हरटाइमचा दर कुणी चुकून शून्य टाकला, तर प्रोग्रॅम बोंब मारतो की गप्प बसतो? एकदम सिंपल! चाचणीच्या सर्व्हरवरची दरांची फाइल उघडायची, शून्य टाकायचं, सेव्ह करायचं आणि बघायचं.

मी शून्य टाकलं, सेव्ह केलं आणि बघितलं. प्रोग्रॅम गप्प बसला. मी खूश! चूक सापडली, सोमवारी दुरुस्त करू म्हणून चहा संपवला.

तासाभराने कारखान्यातून फोन. पगाराच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या आणि एकाही चिठ्ठीवर ओव्हरटाइम नव्हता. काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. मी शून्य टाकलं होतं ते खऱ्या सर्व्हरवरच्या फाइलमध्ये. दोन्ही सर्व्हरवर फाइलचं नाव तेच, आतला मजकूर तोच, आणि खिडक्या? त्याही जुळ्या बहिणी!

फाइल दोन मिनिटांत दुरुस्त झाली. पण चिठ्ठ्या वाटून झाल्या होत्या आणि पैसे सोमवारी मिळाले. दोन दिवसांनी काय बिघडतं, असं एसीत बसणाऱ्या माणसाला वाटू शकतं. मलाही वाटलं असतं. पण त्या कारखान्यात आमच्या गल्लीतले एक काका आहेत. ते रात्री घरी आले. आवाज चढवला नाही, काही नाही. ओट्यावर बसले आणि एवढंच म्हणाले, “मागल्या आठवड्यात सुपरवायझरशी माझं वाजलं होतं. त्याच्यामुळं कापला का?”

सॉलिड गलबलून आलं, बॉस! माझ्या दृष्टीने ती चुकीच्या खिडकीत झालेली एक टायपिंगची चूक. त्यांच्या दृष्टीने कुणीतरी उगवलेला सूड. सगळ्यांचाच ओव्हरटाइम गेलाय, चूक माझी आहे, हे त्यांना पटवताना माझा घसा कोरडा पडला.

ते गेल्यावर अण्णा बाहेर आले.

“काय झालं रे? तोंड काऊन असं?”

अण्णांची सगळी नोकरी एका बियाणे कंपनीच्या गोदामात गेली. जालन्यात हे काही नवल नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथेच महिको सुरू केली, त्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि या गावात बियाण्याचा धंदा चांगलाच फोफावला. आमच्या घरात सर्व्हर कुणाला कळत नाही, पण पोतं सगळ्यांना कळतं. म्हणून मी अण्णांना त्यांच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला.

“म्हणजे दोन पोती शेजारी होती आन् दोन्हीवर टॅग नव्हता,” अण्णा म्हणाले.

“होता ना. म्हणजे... नाव आत लिहिलेलं होतं. बाहेर नव्हतं.”

“मंग आम्ही काय येडे होतो का, दोन-दोन चिठ्ठ्या टाकायला? एक पोत्याच्या आत, एक बाहेर. दोन वाणांची सरकी समोर ठेव, सांग बरं कोणती कोणती ते! बी सगळं सारखंच दिसतं. टॅग नसला तर शेतात उगवल्यावर कळतं. आन् तोवर हंगाम गेलेला असतो.”

लाखमोलाचा फंडा आहे हा! बियाण्याच्या धंद्यात तो नुसता शहाणपणाचा भाग नाही, कायद्याचा भाग आहे. १९६६ च्या बियाणे कायद्याखाली विकल्या जाणाऱ्या पिशवीवर लेबल लागतं. आणि टॅगचे रंगसुद्धा ठरलेले : पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा, पायाभूत बियाण्याला पांढरा, प्रमाणित बियाण्याला निळा. गोदामात शिरणाऱ्या माणसाला पिशवी उघडावी लागत नाही. दारातूनच कळतं, हात कशाला लावायचा आणि कशाला नाही.

आणि मी? माझ्या एडिटरमध्ये तळाशी फाइलचं नाव दिसत होतं, म्हणजे आतली चिठ्ठी होती. बाहेरची मी कधी लावलीच नव्हती. म्हणून त्या रात्री झोपण्याआधी पहिलं काम तेच केलं. मंडळी, आजचा कॉलम त्याच बाहेरच्या चिठ्ठीबद्दल आहे. तुम्ही प्रोग्रॅमर नसाल तरी वाचा. तुमच्या स्क्रीनवर आत्ता ‘बुक १’, ‘बुक २’ आणि ‘अनटायटल्ड’ नावाच्या किती खिडक्या उघड्या आहेत, ते एकदा मोजा आणि मगच पान उलटा.

मनाला बरं वाटावं म्हणून आधी एक मोठ्या लोकांची गोष्ट. ३१ जानेवारी २०१७ ची रात्र. गिटलॅब, म्हणजे जगभरातले प्रोग्रॅमर जिथे आपला कोड ठेवतात त्यातली एक नामांकित कंपनी. त्यांचे डेटाबेसचे दोन सर्व्हर होते, एक मुख्य आणि एक राखीव. नावात फरक फक्त एका आकड्याचा. राखीव सर्व्हर रुसला होता, म्हणून त्याच्यावरचा डेटा पुसून नव्याने भरायचं ठरलं. थकलेल्या इंजिनिअरने पुसण्याची कमांड दिली आणि एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, आपण मुख्य सर्व्हरवर आहोत! कमांड थांबवेपर्यंत साधारण ३०० जीबीमधले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. नशिबाने सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली. मधल्या सहा तासांतला डेटा मात्र गेला तो गेलाच.

या कंपनीचं कौतुक एवढ्यासाठी, की त्यांनी काहीही लपवलं नाही. आपल्या चुकांचा सगळा पाढा जाहीर वाचला. पुढे काय सुधारायचं याच्या यादीत बॅकअपच्या मोठमोठ्या गोष्टींबरोबर एक चिमुकली गोष्टही होती : आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत, हे स्क्रीनवर ठळक दिसलं पाहिजे. थोडक्यात काय, पोत्याला टॅग!

आता मुद्द्याचं. हा टॅग लावायचा कसा?

माझा एडिटर आहे व्हिम. ब्राम मूलेनार या डच माणसाने १९९१ साली तो लोकांसाठी खुला केला आणि ३ ऑगस्ट २०२३ रोजी वारेपर्यंत तो सांभाळला. व्हिम फुकट आहे. पण नुसताच उघडलात तर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, असं पहिल्या स्क्रीनवर सांगतो. माणूसच तसा होता! तर या व्हिमला सगळं येतं, पण सांगितल्याशिवाय तो बऱ्याच गोष्टी करत नाही. टर्मिनलच्या डोक्यावर फाइलचं नाव लावणं ही त्यातलीच एक.

सांगायचं कसं? दोन शब्दांत : सेट टायटल. (कमांड इथे फोनवर सांगतात तशा देवनागरीत लिहितोय. टाइप करताना रोमन लिपीतच करा, नाहीतर मला शिव्या द्याल!) आधी कोलन, मग हे दोन शब्द, मग एंटर. खिडकीचं डोकं लगेच बदलतं. आधी फाइलचं नाव, मग कंसात ती कोणत्या फोल्डरमधली आहे ते, आणि शेवटी व्हिम. फाइलमध्ये काही बदललं असेल आणि सेव्ह केलं नसेल, तर नावापुढे अधिकचं चिन्ह. रोज आपोआप व्हायला हवं असेल, तर हीच ओळ कोलन वगळून डॉट व्हिमआरसी या फाइलमध्ये लिहून ठेवा.

हे होतं कसं, तेही मस्त आहे. फाइलचा मजकूर जसा अक्षरांनी टर्मिनलकडे जातो, तसंच टायटलही अक्षरांनीच जातं. आधी एस्केप, मग उजवा चौकोनी कंस, मग शून्य किंवा दोन आकडा, अर्धविराम, मग तुमचं टायटल आणि शेवटी ‘बेल’ नावाचं एक अदृश्य अक्षर. एके काळी टेलिप्रिंटरवर हे अक्षर आलं की खरोखरची घंटी वाजायची. इथे ते फक्त ‘नाव संपलं’ एवढंच सांगतं. टर्मिनल हे सगळं स्क्रीनवर छापत नाही, उचलून डोक्यावर लावतं.

आणि यात एक मोठा फायदा दडलाय. ही नुसती अक्षरंच असल्यामुळे ती कितीही लांबून येऊ शकतात. सर्व्हर कुठल्याही देशात असो, त्याच्यावर चालणारा व्हिम मस्तगडमधल्या माझ्या लॅपटॉपच्या खिडकीचं नाव बदलू शकतो. फक्त सेट टायटल त्या सर्व्हरवरच्या व्हिमला सांगितलेलं असलं पाहिजे.

पण थांबा. माझ्या चुकीत फाइलचं नाव दोन्हीकडे एकच होतं, आठवतंय ना? म्हणजे नुसत्या नावाने माझं काम भागलं नसतं. टॅगवर वाणाबरोबर गोदामही हवं! त्यासाठी टायटलस्ट्रिंग नावाची दुसरी सेटिंग आहे. तिच्यात टक्क्याचं चिन्ह आणि पुढे स्मॉल टी दिला की फक्त फाइलचं नाव येतं, कॅपिटल एफ दिला की पूर्ण पत्ता, स्मॉल एम दिला की सेव्ह न केल्याची खूण. आणि टक्का देऊन महिरपी कंसात होस्टनेम आणि रिकामा गोल कंस लिहिला की सर्व्हरचं नाव. मधे जागा सोडायची असेल तर तिच्याआधी उलटी तिरकी रेघ हवी, नाहीतर व्हिम कुरकुरतो.

क्रम कोणता ठेवायचा? माझं मत : जी चूक सगळ्यात महागात पडेल, ती टाळणारा शब्द पहिला. खिडक्या वाढल्या की टास्कबारवर प्रत्येकीच्या वाट्याला पहिली दहा-पंधरा अक्षरंच येतात. पूर्ण पत्ता आधी ठेवलात तर सगळ्या खिडक्यांवर ‘होम’ आणि तुमचंच आडनाव दिसेल. ते तुम्हाला माहीत असतं हो! म्हणून माझ्याकडे आधी सर्व्हर, मग फाइल, मग खूण.

आता तीन खड्डे. तिन्हींत मी स्वतः पडलोय, म्हणून खात्रीने सांगतो.

पहिला खड्डा शिळ्या टॅगचा. उत्साही मंडळी टायटलस्ट्रिंगमध्ये फाइलचं नाव एकदाच काढून भरतात, तेही व्हिम सुरू होताना. मग दुसरी फाइल उघडली तरी डोक्यावर पहिलीच! टॅग नसलेलं पोतं परवडलं, चुकीच्या टॅगचं नको. टॅग नसेल तर माणूस निदान दोनदा बघतो. चुकीचा असेल तर डोळे झाकून विश्वास ठेवतो. टक्क्याची चिन्हं वापरलीत तर व्हिम नाव स्वतःच बदलत राहतो, म्हणून तीच वापरा.

दुसरा खड्डा मधल्या माणसाचा. टीमक्स किंवा स्क्रीन यांच्या आत व्हिम चालवत असाल, तर टायटल आधी त्यांच्या हातात पडतं आणि ते पुढे सरकवतीलच याची खात्री नसते. टीमक्समध्ये सेट-टायटल्स ही सेटिंग ऑन करावी लागते, मुळात ती ऑफ असते. शिवाय अशा ठिकाणी आपल्याला टायटल बदलता येतं हेच कधी कधी व्हिमला कळत नाही. तेव्हा टायटल कसं सुरू करायचं आणि कसं संपवायचं, याची दोन गुपितं त्याच्या कानात सांगावी लागतात : टी अंडरस्कोर टीएस आणि टी अंडरस्कोर एफएस.

तिसरा खड्डा निघतानाचा. व्हिम बंद केलात की तो आधीचं नाव परत लावतो. पण आधीचं नाव काय होतं हे त्याला कळू शकलं नसेल, तर खिडकीवर एक वाक्य सोडून जातो : ‘थँक्स फॉर फ्लाइंग व्हिम’. विमानातून उतरताना दारात नमस्कार करणाऱ्या हवाईसुंदरीसारखं! पहिल्यांदा जाम हसू येतं. पण सात खिडक्यांवर हेच वाक्य दिसायला लागलं की आपण पुन्हा जुळ्या बहिणींच्या गावात. टायटलओल्ड या सेटिंगमध्ये तुम्हाला हवं ते लिहून ठेवा. मी सर्व्हरचं नाव लिहिलंय.

व्हिम वापरत नसाल तर? इमॅक्सवाल्यांसाठी टर्मिनलमध्ये टायटल लावायची सोय २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून आहे. व्हीएस कोडमध्ये विंडो डॉट टायटल ही सेटिंग शोधा. आणि एक्सेलवाल्यांनो, तुमच्यासाठी सगळ्यात सोपा उपाय : फाइल उघडल्या उघडल्या नाव देऊन सेव्ह करा. ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘खरंच फायनल’ ही नावं नव्हेत, बरं का!

एक सावधगिरीचा इशारा. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना खिडकीचं टायटलही सगळ्यांना दिसतं. एका क्लायंटसमोर दुसऱ्या क्लायंटच्या फाइलचं नाव झळकवू नका.

आणि एक गंमत, खास आपल्यासाठी. माझी एक फाइल आहे, नाव मराठीतच : मस्तगड. बऱ्याच टर्मिनलमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला चौकोन असतो, जोडाक्षराचं गणित त्या चौकोनात बसत नाही. त्यामुळे आत माझ्या गावाचं नाव पाय मोडून ‘मस्‌तगड’ असं दिसतं. पण टायटल रंगवायचं काम टर्मिनलचं नसतं, डेस्कटॉपचं असतं. माझ्या ग्नोम डेस्कटॉपवर ते पँगो नावाची यंत्रणा करते आणि तिला देवनागरी व्यवस्थित येते. त्यामुळे खिडकीच्या आत मोडलेलं नाव खिडकीच्या माथ्यावर मात्र अस्सल, जोडाक्षरासकट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अण्णांना हाक मारून दाखवलं.

मस्तगड हे नाव मुळात जालन्याच्या जुन्या किल्ल्याचं. गॅझेटियर सांगतं, किल्ला १७२५ सालचा, आतली गढी काबिल खानाने बांधली आणि ती कधी उभारली हे सांगणारा फारसी शिलालेख तिथे आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसालाही कळत होतं, वास्तू नुसती बांधून भागत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असं काहीतरी दगडावर लिहून ठेवावं लागतं. आपल्याला तर दगडही फोडायचा नाही, एक ओळ लिहायची आहे!

ती ओळ लिहिल्याने माझी जुनी चूक पुसली गेली नाही. प्रोग्रॅमही मी सुधारला. आता ओव्हरटाइमचा दर शून्य दिसला की तो चिठ्ठ्या काढतच नाही, आधी विचारतो. ते झाल्यावर पुढच्या शनिवारी मी काकांकडे गेलो आणि लॅपटॉप उघडून दोन खिडक्या दाखवल्या. एकीच्या माथ्यावर ‘चाचणी’, दुसरीच्या माथ्यावर ‘खरा पगार’.

काकांनी चष्मा लावला, दोन्ही नावं नीट वाचली आणि विचारलं, “हे आधी नव्हतं?”

“नव्हतं, काका.”

“मंग चूक हुणारच की,” ते म्हणाले आणि आत वळून काकूंना चहा टाकायला सांगितला.